डॅशबोर्डवरचे देव

रस्त्याच्या कडेला एक गाडी बंद पडून राहिली की आठ-पंधरा दिवसांत तिच्या आडोशाला दुसरी येऊन उभी राहते. मग तिसरी. कोण आणून लावतं, कधी लावतं, कुणी पाहिलेलं नसतं. किश्श्यांचंही तसंच. मी एक सांगायला बसते आणि त्याच्यामागे चार येऊन उभे राहतात. आमच्या पोलादपूरच्या पडवीत गेल्या वर्षभरात इतके साठलेत की आता थोडे उचलायलाच हवेत.

आमचं घर यार्डाला लागून. यार्ड म्हणजे महाड-पोलादपूरच्या रस्त्यांवरून उचललेल्या बेवारस आणि कर थकलेल्या गाड्या ठेवायची मोकळी जागा. हे काम तिघांचं. कांबळे भाऊसाहेब सरकारी माणूस. यादी करायची, काचेवर सात दिवसांची नोटीस चिकटवायची, पंचनामा लिहायचा, हे त्यांचं. याकूबभाई महाडचे, क्रेन त्यांची. आणि तिसरे आमचे हे. गाडीच्या पोटाखाली शिरून पट्टे बांधायचे आणि चासीवर कोरलेला नंबर वाचून सांगायचा. दुपारी तिघं आमच्या पडवीत डबे उघडतात, मी आमटी वाढते, आणि रस्त्यावर घडलेलं सगळं आपसूक माझ्या घरात येतं.

आधी आमचीच गाडी सांगते, कारण बाकीच्या सगळ्या तिच्यामागे उभ्या आहेत.

ह्यांची जीप होती. पोलादपूर स्टँड ते आंबेनळीच्या पायथ्याची गावं, दिवसाला चार फेऱ्या. घर त्या जीपवर चालायचं, म्हणजे अन्नपूर्णेची खरी जागा तिथेच, असं मला वाटलं. म्हणून बोटाच्या पेराएवढी एक पितळी अन्नपूर्णा मी स्वतः तिच्या डॅशबोर्डवर बसवली. बसवताना हातून पडली आणि देवीच्या हातातली पळी वाकली. मला फार वाईट वाटलं. हे म्हणाले, "अगं, वाकून वाढतेय ती. चांगलंच आहे की."

मोठ्या पुराच्या सकाळी सावित्री नदी स्टँडच्या मागे आली आणि जीप घेऊन गेली. हे तेव्हा खालच्या आळीतली माणसं वर काढत होते. परत येऊन बघतात तर जीपच्या जागी पाणी, आणि पाण्यावर ऊन. पूर ओसरल्यावर ह्यांनी नदीकाठाने खाली दासगावपर्यंत शोधलं. डोह पाहिले, कपारी पाहिल्या, पोहणारी माणसं उतरवली. जीप नाही.

गेली तर गेली. पण कागदावर ती गेली नाही. गाडी संपली हे दाखवायला चासीवरच्या नंबराचा तुकडा कापून द्यावा लागतो. तुकडा नाही म्हणून नोंद रद्द होत नाही, नोंद आहे म्हणून कर चालू, आणि कर थकलेला म्हणून ह्यांचं परमिट दुसऱ्या गाडीवर चढत नाही. त्या परमिटची मुदत यंदा मार्चअखेर संपणार होती. एकदा संपलं की संपलं. पुन्हा स्टिअरिंग हातात येणं नाही, दुसऱ्यांच्या गाड्यांच्या पोटाखालीच राहायचं.

याकूबभाई म्हणाले, "वहिनी, जीप बुडाली, पण तिचा कर पोहायला शिकला."

मी हसले. पण त्याच शुक्रवारी घरच्या देवीसमोर बसून सांगितलं, जीपचा थांग लागेपर्यंत साखर-गूळ तोंडात घालणार नाही. शिरा करते, पुरण घालते, सगळ्यांना वाढते. माझा चहा तेवढा कोरा आणि अगोड.

यार्डात नवी गाडी आली की हे आधी तिच्याखाली शिरतात. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला फक्त त्यांचे पाय दिसतात. पाय थोडा वेळ स्तब्ध असतात. मग हे बाहेर येऊन हात झटकतात. हात झटकले की मी ओळखते, आणि भाकरी उलटते.

*

सुरुवातीच्या दिवसांतली गोष्ट. महाडच्या नाक्यावर एक पांढरी कार होती, चारही टायर बसलेले, टपावर आंब्याच्या पानांचा थर. नोटीस झाली, मुदत संपली, पट्टे बांधून झाले. याकूबभाई क्रेनच्या सीटवर बसले आणि तसेच बसून राहिले.

कांबळे म्हणाले, "उचला की."

"नाय. आत कोणी बसलं असलं तर क्रेन लावायची नाय. आमच्या उस्तादांची पहिली शिकवण."

कांबळ्यांनी काचेला डोळा लावला. "अहो, रिकामी आहे."

"नीट बघा."

कांबळ्यांनी नीट बघितलं. "कुणी नाही हो."

"मंग तो गणपती काय उभा हाय?"

त्या दिवशी गणपतीला अर्धा तास लागला उतरायला. घट्ट चिकटवलेला होता. याकूबभाईंनी त्याला स्वतःच्या रुमालात गुंडाळून आणला आणि माझ्या हातात दिला. "वहिनी, ह्यांचं सामान तुमच्याकडे. लोखंड आमच्याकडे."

तेव्हापासून रिवाजच पडला. आधी डॅशबोर्ड रिकामा करायचा, मग पट्टे आवळायचे. पडवीतल्या कोनाड्यात मी सगळ्यांना जागा केली. गणपती, दत्त, खंडोबा, कांबळ्यांनी हलक्या हाताने पुसून ठेवलेली एक बुद्धमूर्ती, कुराणातली आयत सोनेरी अक्षरांत लिहिलेली एक छोटी चौकट, गोव्याकडच्या ट्रकमधली निळ्या झग्याची मेरीमाता. प्रत्येकाच्या पायाशी खडूने गाडीचा नंबर. संध्याकाळी एकच उदबत्ती लावते. धूर कोणाकडे आधी जातो ते बघत बसायची मला सवय लागली आहे. रोज वेगळीकडे जातो.

*

महाडच्या बाजाराच्या मागे एक निळी व्हॅन होती. नोटीस लावायला कांबळे गेले तर शेजारच्या हलीमाखाला कमरेवर हात ठेवून उभ्या.

"व्हॅन तुमची का?"

"व्हॅन नाय माझी. आत कोंबडी बसली हाय ती माझी."

"खाला, सात दिवसांत रिकामी करा."

"भाऊसाहेब, तुमची मुदत सात दिवसांची. अंड्यांची एकवीस. आता तुमीच सांगा, कुणाचा कायदा जुना?"

कांबळे माणूस नियमाचा, पण विचारी. त्यांनी यादीत लिहिलं : 'वाहनात ताबेदार आहे. मुदतवाढ तीन आठवडे.'

मुदत संपली त्या सकाळी तिघंही हजर. हलीमाखालांनी दार सरकवलं. कोंबडी पायरीवर आली, इकडेतिकडे पाहिलं, खाली उतरली. तिच्यामागून एकेक करत नऊ पिल्लं.

कांबळे टोपी काढून उभे होते. म्हणाले, "इतक्या शिस्तीने आपल्या एसटीतूनसुद्धा कुणी उतरत नाही."

*

एकदा एका जीर्ण टेम्पोवर नोटीस लावली. सातव्या दिवशी पाहिलं तर नोटिशीखाली कुणीतरी बॉलपेनने लिहून ठेवलेलं : 'गाडी आमची नाही. मात्र छत्री आत राहिली आहे, ती काळी आहे. मागाहून नेऊ.'

छत्री निघाली. काळीच होती. अजून आमच्या खुंटीला आहे.

*

मुंबईकडून एक गृहस्थ आले. इस्त्रीचा शर्ट, हातात पाण्याची बाटली. वडिलांच्या घरासमोर त्यांची लाल गाडी कित्येक वर्षं पडून होती. कर थकलेला, विमा नाही, अर्धा रस्ता अडलेला. उचलल्यावर कांबळ्यांनी शोध घेऊन त्यांना बोलावलं.

यार्डात गाडी पाहून ते म्हणाले, "ही माझी नाहीच. मी कधीच विकली."

"कुणाला?"

"आता ते आठवत नाही."

"कागद?"

"ते त्याच्याकडे."

ऊन होतं, म्हणून कांबळ्यांनी गृहस्थांना पडवीत बसवलं. मी पाणी दिलं. पाणी पिता पिता त्यांची नजर कोनाड्याकडे गेली आणि ते उठून उभेच राहिले.

"अहो, हा दत्त माझा! हे बघा, चार कुत्र्यांतला एक मोडलाय. आमच्या मुलीने मोडला होता, लहानपणी. किती शोधला मी हा!"

त्यांनी दत्ताला दोन्ही हातांनी उचललं, छातीशी धरलं. डोळे भरून आले होते, खोटं नाही सांगत.

कांबळ्यांनी पेनचं टोपण काढलं. अगदी मऊ आवाजात म्हणाले, "देव तुमचे. छान झालं. आता देव ज्या गाडीत बसले होते ती कुणाची लिहू?"

गृहस्थांनी दत्ताकडे पाहिलं. मग म्हणाले, "माझीच."

गेले तेव्हा मी मोडक्या कुत्र्याच्या जागी एक चाफ्याचं फूल ठेवून दिलं. पुढे कळलं, त्यांनी गाडी सोडवून दुरुस्त केली. दत्त पुढेच बसतात.

*

पोलादपुरात पिंपळाखाली एक तीनचाकी मिनिडोर होती. इंजिन नाही, पुढचं चाक नाही. विटांवर टेकलेली. दुपारी चार वाजता चार म्हातारे येऊन तिच्यात बसायचे. तिघे मागे, एक ड्रायव्हरच्या जागी. वर्षानुवर्षं.

मुदत संपल्याच्या दिवशी क्रेन गेली ती नेमकी चार वाजता.

कांबळे म्हणाले, "बाबा, खाली उतरा."

ड्रायव्हरच्या जागचे धोंडूबाबा म्हणाले, "आत्ता? घाटात?"

"कुठला घाट?"

"आंबेनळी. वळण हाय पुढं. हितं गाडी थांबवत नाय कोण."

मागचा एकजण म्हणाला, "धुकं बघा किती हाय, भाऊसाहेब." बाहेर लख्ख ऊन.

याकूबभाईंनी क्रेन बंद केली. आत माणसं आहेत म्हटल्यावर प्रश्नच नव्हता. हे पिंपळाच्या पारावर बसले. कांबळेही बसले. चारी म्हातारे समोर बघत होते, वळणावर एका बाजूला कलत होते. हे सांगतात, थोड्या वेळाने आम्हालाही गार वाटायला लागलं. अर्ध्या-पाऊण तासाने धोंडूबाबांनी नसलेला ब्रेक दाबला. म्हणाले, "चला, महाबळेश्वर आलं. उतरा रे." चौघे उतरले, धोतरं झटकली.

मिनिडोर यार्डात आली, पण तिची मागची सीट आली नाही. याकूबभाईंनीच ती सोडवून पिंपळाखाली ठेवली. कांबळ्यांनी पंचनाम्यात लिहिलं : 'सीट प्रवासात आहे.' मग खोडलं, आणि 'सीट आढळली नाही' असं लिहिलं.

हे घरी येऊन मला एवढंच म्हणाले, "किती दिवसांनी घाट चढलो गं." त्या शुक्रवारी मी देवीसमोर जरा जास्तच वेळ बसले. मार्च महिना लागला होता.

*

यादीतली शेवटची गाडी राहिली होती.

नवा रुंद हायवे सरळ काढला तेव्हा पोलादपूर आणि महाडच्या मध्ये, नदीच्या अंगाला, जुन्या रस्त्याची काही वळणं तशीच सुटून राहिली. एका टोकाला दरड पडलेली, दुसऱ्या टोकाला हायवेचा भराव. त्या वळणावर एक वाहन आहे, असं कुणीतरी कळवलं. कांबळ्यांच्या यादीत नोंद होती : 'नंबरप्लेट नाही. रंग हिरवा. (वेल.)'

उचलायला पहिल्या दिवशी कांबळे आणि याकूबभाई दोघंच गेले. ह्यांना ताप होता. दोघं रिकाम्या हाताने परत आले आणि पडवीत येऊन बसले.

मी विचारलं, "मुदत नाही का संपली?"

"मुदत संपली हो," कांबळे म्हणाले. "पण आत देवी आहे, आणि बाहेर एक आजी. हात लावू देत नाही."

याकूबभाई म्हणाले, "वहिनी, उद्या तुमी चला. बाईमाणसाचं ऐकंल ती. देवीला तुमीच उतरवा."

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. मी ओटी घेतली, स्वच्छ फडकं घेतलं. ह्यांचा ताप उतरला होता, तेही निघाले. भरावाशी क्रेन थांबली, पुढे आम्ही चालत गेलो. जुन्या डांबरातून गवत उगवलेलं, मधला पांढरा पट्टा अजून पुसट दिसत होता. दोन्ही बाजूंनी झाडं वर जुळलेली. आवाज फक्त खालच्या पाण्याचा. चालताना मला असं वाटत होतं की हा रस्ता आपण पूर्वी पाहिलाय, पण जागेपणी नाही.

वळणावर पडवळाचा मांडव होता. जवळ गेल्यावर कळलं, मांडवाखाली गाडी आहे. दाराच्या पोकळीतून पडवळं लोंबत होती, बॉनेटवर शेणी वाळत घातलेल्या, अर्धी चाकं गाळात. पुढे सारवलेलं अंगण, त्यात एक आजी विळ्याने पडवळ चिरत बसलेली. ठकूआजी. घर वरच्या वाडीत, पण दिवस इथेच.

"आलात काय परत? क्रेन आनली असंल तर मला पन बांधा तिला."

मी म्हटलं, "आजी, मी दर्शनाला आलेय."

आजी निवळली. "तू ये गो. ते थांबू देत."

कांबळ्यांनी कागद उघडला. "आजी, गाडी सार्वजनिक रस्त्यावर आहे. उचलावी लागते."

"रस्ता हाय हा?"

"कागदावर आहे. बरं, मला सांगा, इथून शेवटची गाडी कधी गेली?"

आजीने विळ्यानेच दाखवलं. "हीच की. पुराच्या पान्यातून आली, वळान घेतलं आन् थांबली. तवापासनं दुसरी नाय आली."

"आणि देवी?"

"तिच्यातच बसून आली. बाकीचे देव बैलावर बसतात, उंदरावर बसतात. हिची जीप हाय."

याकूबभाईंनी वळून ह्यांच्याकडे पाहिलं. हे तिथे नव्हते. मला फक्त त्यांचे पाय दिसले, पडवळाच्या वेलाखालून बाहेर आलेले. पाय हलत नव्हते. आतून नारळाच्या सोडणाने लोखंड घासल्याचा आवाज येत होता. मग तोही थांबला.

मी आत वाकले. हळदीकुंकवाने माखलेल्या डॅशबोर्डवर, तेलाच्या दिव्यामागे, बोटाच्या पेराएवढी अन्नपूर्णा. हातातली पळी वाकलेली.

हे बाहेर आले. हात झटकले नाहीत. कपाळाला गाळ लागलेला. कांबळ्यांना नंबर सांगितला, शेवटचे चार आकडे सांगताना मात्र कागदाकडे पाहत नव्हते, माझ्याकडे पाहत होते. मग खाली रस्त्यावरच बसले.

"पाण्यात शोधली," म्हणाले. "सगळी नदी शोधली. रस्त्यावर नाही शोधली. रस्त्यावर गाडी कोण शोधतं?"

याकूबभाई हळूच म्हणाले, "भाऊसाहेब, कटर आनू? तुकड्यापुरता?"

"आणा," कांबळे म्हणाले. "तुकडा आणि फोटो. मार्च संपायला अजून नऊ दिवस आहेत, मी स्वतः नेऊन देतो."

"आन् क्रेन?"

कांबळ्यांनी मांडवाकडे पाहिलं, आजीकडे पाहिलं, दिव्याकडे पाहिलं. "तुमच्या उस्तादांची शिकवण काय ती?"

"आत कोणी बसलं असलं तर लावायची नाय."

"मग झालं." त्यांनी पंचनामा गुडघ्यावर धरला आणि सावकाश अक्षरांत लिहिलं. मी ते त्यांच्या खांद्यावरून वाचलं : 'रस्ता वापरात नाही. वाहन वापरात आहे.'

हे आजीला काही सांगायला उठत होते. मी मानेनेच नको म्हटलं.

मी ओटी देवीसमोर ठेवली. हात जोडले, डोळे मिटले, पण मागायचं काय तेच सुचेना. पाणी वाहत होतं. ठकूआजी माझ्या शेजारी येऊन टेकली. तिने डब्यातून चिमूटभर साखर काढली.

"गप का गो? बोल तिला. काय हरवलं असंल तर सांग, सापडून देते ती. माझी म्हस तिनंच दिली शोधून." आणि मग माझ्या कानाशी येऊन, "तुझं काय हरवलंय काय?"

मी हात पुढे केला. तिने साखर तळहातावर ठेवली.